पाच पेशंट गेले, तरी ‘मेरिट’ शाबूत! : यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास आणि आपला प्रश्न

मागे एकदा पोफळीच्या नाक्यावर चहा घेत होतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरणारा तोच मेसेज : “तुमच्या आईचे लिव्हर बदलायचे आहे. डॉक्टर मेरिटचा हवा की कोट्यातला?” खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मेसेज दाखवणारा माणूस वाईट नाही. आमच्या सुखदुःखाला येतो, जयंतीला वर्गणी देतो. समोर बसलेल्या माणसाच्या घरातली मुलगी नीटचा अभ्यास करते आहे, हेही त्याला ठाऊक होते. तरी त्याला तो विनोद वाटला.

मी तिथे वाद घातला नाही. घरी येऊन वाचायला बसलो. हे लिव्हर बदलायचे शास्त्र आले कुठून? ते ज्याने उभे केले तो माणूस कोण? त्याच्या ‘मेरिट’ची परीक्षा कुणी आणि कशी घेतली? जे हाती लागले ते आपल्या पोरापोरींपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून हा लेख.

गॅरेजमधला सर्जन

त्या माणसाचे नाव थॉमस स्टार्झल. जन्म ११ मार्च १९२६, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ले मार्स नावाच्या छोट्या गावात. वडील वर्तमानपत्र चालवायचे, आई नर्स होती. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून १९५२ साली त्यांनी डॉक्टरकी आणि पीएच.डी. दोन्ही मिळवल्या. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रशिक्षण. तिथून मायामी. मायामीत हॉस्पिटलच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि कुत्र्यांच्या यकृतावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे शिकागोला परत येऊन कुत्र्यांमध्ये अख्खे यकृत बदलायचे तंत्र बसवले.

हे काम किती अवघड, ते समजून घ्या. मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो तेच यकृत. शरीरातला रक्ताने भरलेला सर्वात मोठा अवयव. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवते. म्हणजे ज्याचे यकृत निकामी झाले त्याचे रक्त थांबत नाही, आणि सर्जनला नेमका तोच अवयव कापून काढायचा असतो. मोठ्या शिरा, धमनी, पित्ताची नळी, सगळे तोडून पुन्हा जोडायचे. एवढे करून शरीर ‘हे आपले नाही’ म्हणून नवे यकृत नाकारते ते वेगळेच.

१ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरमध्ये स्टार्झल यांनी माणसावर पहिला प्रयत्न केला. पेशंट तीन वर्षांचा मुलगा, जन्मापासून पित्ताची नळी बंद असलेला. तो टेबलावरच रक्तस्रावाने गेला. त्याच वर्षात आणखी चार शस्त्रक्रिया झाल्या. एकही पेशंट तेवीस दिवसांच्या पुढे जगला नाही. बॉस्टनमध्ये एक, पॅरिसमध्ये एक प्रयत्न झाला, तेही फसले. सातपैकी सात अपयशे. मग स्टार्झल यांनी तीन वर्षांहून अधिक काळ हे काम थांबवले.

आता नीट विचार करा. पाच पेशंट गेल्यावर त्या सर्जनचे काय झाले? नोकरी गेली? “याला डॉक्टर कुणी केला?” असे कुणी विचारले? “याच्या जातीच्या, याच्या वर्णाच्या माणसांना हे जमत नाही,” असे कुणी म्हणाले? टीका झाली, आणि ती जबर झाली. पण ती त्या शस्त्रक्रियेवर झाली, त्याच्या जन्मावर नाही. त्याची प्रयोगशाळा टिकली, सरकारी संशोधन निधी टिकला, हाताखालचे लोक टिकले. काय चुकले ते शोधायला त्याला वेळ मिळाला.

२३ जुलै १९६७ रोजी दीड वर्षाच्या एका मुलीवर केलेली शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली. ती मुलगी चारशे दिवसांवर जगली, मग कॅन्सर परतला. यश म्हणायचे ते एवढेच. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्याकडे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या आजोबांच्या पिढीला १९६७ हे साल त्यासाठी आठवते. जगाच्या वैद्यकीय इतिहासात ते या मुलीसाठी नोंदले गेले.

त्यानंतरही तेरा वर्षे हालत फारशी सुधारली नाही. १९८० पर्यंत स्टार्झल यांच्या तीन पेशंटांपैकी जेमतेम एक वर्षभर जगत होता. इंग्लंडात केंब्रिजचे रॉय काल्न हेही त्याच वाटेने चालले होते. काल्न यांनी सायक्लोस्पोरिन हे नवे औषध वापरून पाहिले. स्टार्झल यांनी ते स्टेरॉइडच्या जोडीने दिले आणि चित्र पालटले. १९८१ पासून त्यांनी पिट्सबर्गला काम सुरू केले. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा आता प्रयोग नसून उपचार आहे, असा निर्वाळा दिला. पहिल्या पेशंटपासून त्या निर्वाळ्यापर्यंत वीस वर्षे लागली. १९८९ मध्ये स्टार्झल यांनीच टॅक्रोलिमस हे औषध वापरात आणले. ते जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले होते. आज जगभर पेशंट तेच औषध घेतात. २०१२ साली काल्न आणि स्टार्झल यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ४ मार्च २०१७ रोजी स्टार्झल गेले.

आणखी एक गोष्ट. या माणसाने आत्मचरित्रात कबूल केले आहे की त्याला ऑपरेशन करण्याची भीती वाटायची. थिएटरात जाण्याआधी पोटात गोळा यायचा. जगातला सर्वात मोठा प्रत्यारोपण सर्जन भित्रा होता आणि त्याने ते लिहून ठेवले. आपल्यातल्या एखाद्या निवासी डॉक्टर मुलीने हे वाक्य वॉर्डात उच्चारले असते, तर दुसऱ्या दिवशी ते तिच्या कास्ट सर्टिफिकेटला जोडले गेले असते.

स्टार्झल यांना लहान करण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो माणूस मोठाच होता. पण तो मोठा झाला कसा? चुका करायची, त्या चुका तपासायची आणि पुन्हा उभे राहायची मुभा त्याला मिळाली म्हणून. मेरिट आईच्या पोटातून येत नाही. चुकायची संधी आणि शिकायचा वेळ मिळाला की ते तयार होते. ही संधी ज्यांना पिढ्यान् पिढ्या मिळाली, तेच इतरांना पहिल्याच चुकीला फाशी देतात.

त्याच इमारतीतला दुसरा माणूस

स्टार्झल जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकत होते, तेव्हा तिथल्या शस्त्रक्रिया प्रयोगशाळेचा कारभार व्हिव्हियन थॉमस नावाचा कृष्णवर्णीय माणूस सांभाळत होता. थॉमस यांना डॉक्टर व्हायचे होते. साठवलेले पैसे १९३० च्या आसपास बँक बुडाल्याने गेले. ते प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. हृदयाच्या जन्मजात दोषामुळे निळी पडणारी बाळे वाचवणारी शस्त्रक्रिया १९४४ साली हॉपकिन्समध्ये झाली. तिचे तंत्र थॉमस यांनी कुत्र्यांवर बसवले होते. ऑपरेशन चालू असताना ते सर्जनच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून काय करायचे ते सांगत होते. आणि याआधीच्या नोकरीत, प्रयोगशाळेतले काम करत असूनही, कागदोपत्री त्यांची नेमणूक होती सफाई कामगाराच्या श्रेणीत!

त्या काळी हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतच नव्हती. ज्याने सर्जनांच्या पिढ्यांना टाका घालायला शिकवले, तो स्वतः कधी सर्जन झाला नाही. १९७६ साली विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा आयुष्य सरत आले होते.

एकाच इमारतीत दोन माणसे. एकाला पाच मृत्यू माफ, दुसऱ्याला प्रवेशच नाही. यातला ‘मेरिट’ कोणता आणि ‘कोटा’ कोणता? गोऱ्यांसाठी शंभर टक्के जागा राखून ठेवलेल्या होत्या. त्याला आरक्षण म्हणायची पद्धत नव्हती, एवढेच.

प्रश्न विचारायला माणूस आपला लागतो

कुणी म्हणेल, “ठीक आहे, संधी द्या. पण संधी दिल्याने शास्त्राचा काय फायदा?” बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रतिनिधित्वाचा मुद्दा मांडला तो याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. आणि प्रत्यारोपणाच्या इतिहासात त्याचा पुरावा आहे.

मे १९६८. अमेरिकेतले रिचमंड शहर. ब्रूस टकर नावाचा कृष्णवर्णीय कामगार डोक्याला मार लागून हॉस्पिटलात आला. खिशात भावाच्या दुकानाचा पत्ता होता. तरीही ‘नातेवाईक सापडत नाहीत’ असे ठरवून दुसऱ्या दिवशी त्याचे हृदय काढले आणि एका गोऱ्या उद्योजकाला बसवले. घरच्यांना हे कळले ते अंत्यविधीची तयारी करणाऱ्या माणसाकडून. भावाने दावा लावला. त्याचे वकील होते डग्लस वाइल्डर, जे पुढे अमेरिकेत निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले. १९७२ साली निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी टस्कीगीचे प्रकरण उघडकीस आले. तिथे सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरचे उपचार न देता चाळीस वर्षे नुसते पाहत ठेवले होते. डेन्व्हरमध्येही सुरुवातीच्या काळात मूत्रपिंड देणाऱ्यांत तुरुंगातले कैदी होते. पुढे स्टार्झल यांनीच ती पद्धत बंद केली.

अशा समाजातले लोक अवयवदानाच्या कार्डावर सही करतील? नाही केली. मग तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की कृष्णवर्णीय लोक अडाणी आहेत, त्यांना दानाची भावना नाही.

हा निष्कर्ष न मानणारा एक माणूस होता. डॉ. क्लाइव्ह कॅलेंडर. जन्म १९३६, न्यूयॉर्क. पौगंडावस्थेत क्षयाने दीर्घकाळ हॉस्पिटलात काढलेला मुलगा. कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयातून १९६३ साली डॉक्टर झाला, म्हणजे स्टार्झल यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी. मिनेसोटात प्रत्यारोपणाचे प्रशिक्षण घेऊन तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात परतला आणि तिथे प्रत्यारोपण केंद्र उभे केले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने अगदी साधी गोष्ट केली. आपल्या समाजातल्या चाळीस लोकांना बसवून विचारले : तुम्ही अवयव का देत नाही?

उत्तरे पाच आली. प्रत्यारोपण म्हणजे काय हे कुणी सांगितले नाही. धर्मात चालते का, माहीत नाही. डॉक्टरांवर विश्वास नाही. कार्डावर सही केली तर आपल्याला लवकर मेलेले ठरवतील, ही भीती. आणि आपले अवयव आपल्या माणसांना मिळणारच नाहीत, ही खात्री. पाचपैकी तीन उत्तरे सरळ इतिहासातून आलेली आहेत. यात अडाणीपणा कुठे आहे?

कॅलेंडर यांनी यावर कार्यक्रम उभा केला. वस्तीत जायचे, चर्चमध्ये जायचे, ज्यांनी अवयव दिले आणि ज्यांना मिळाले अशा आपल्याच माणसांना बोलायला लावायचे. १९९१ साली त्याला राष्ट्रीय स्वरूप आले. १९८२ ते २००२ या वीस वर्षांत कृष्णवर्णीयांमधले दात्यांचे प्रमाण चौपटीच्या आसपास गेले. हे संशोधन गोऱ्या तज्ज्ञांना का सुचले नाही? त्यांच्याकडे बुद्धी होती, निधी होता. पण ज्याच्या भावाचे हृदय न विचारता काढले गेले, त्याच्या घरात त्यांचे जाणे-येणे नव्हते.

आणि स्टार्झल यांच्याच पिट्सबर्गमध्ये १९८६ ते ८८ या काळात डॉ. वेल्मा स्कँटलबरी शिकत होत्या. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या, ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या. त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रत्यारोपण सर्जन ठरल्या. दार उघडले की माणसे आत येतात आणि काम करून दाखवतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नातले साम्य दाखवले होते. ते साम्य ऑपरेशन थिएटरच्या दारातही दिसते.

आता आपल्या घराकडे

परळच्या केईएम हॉस्पिटलचा इतिहास किती जणांना माहीत आहे? ते आणि त्याला जोडलेले जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले, स्टार्झल यांच्या जन्मवर्षी. देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. कारण सरकारी कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या जागा इंग्रज अधिकारी अडवून बसले होते आणि भारतीय डॉक्टरांत तेवढी पात्रता नाही असे सांगितले जात होते. म्हणजे तेव्हा आपल्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांना ‘मेरिट’चा युक्तिवाद खोटा आहे हे नीट कळत होते. इंग्रजासमोर ते प्रतिनिधित्व मागत होते आणि ते मागणे रास्तच होते. तोच युक्तिवाद परळच्याच चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी त्यांच्यासमोर मांडला, तेव्हा मात्र गुणवत्ता धोक्यात आली!

याच केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले. पेशंट काही तासच जगला. पुढच्या वर्षी सेन यांना पद्मभूषण मिळाले. मिळायलाच हवे होते. धाडसाचा मान झाला, अपयशाने कुणाची जात निघाली नाही. माझे म्हणणे एवढेच : हा नियम सगळ्यांना लावा.

आता त्या व्हॉट्सअॅप मेसेजचा हिशेब. यकृत बदलणारा सर्जन व्हायचे तर एमबीबीएस, मग एमएस, मग एमसीएच ही सुपर-स्पेशालिटी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात सांगितले की सुपर-स्पेशालिटीच्या पातळीवर आरक्षण चालणार नाही. काही राज्यांत सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा असतात, पण त्या जातीच्या आधारावर नाहीत. म्हणजे ज्या खुर्चीबद्दल विनोद चालला आहे, त्या खुर्चीपर्यंत आरक्षण पोहोचतच नाही. तिथे जो दलित-आदिवासी डॉक्टर दिसेल, तो खुल्या स्पर्धेतून आलेला असेल. मेसेजवाल्याला हे सांगा आणि मग विचारा : आता हसायचे कुणाला?

उलट २०२३ साली नीट-पीजीच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची अट सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! तेव्हा कुणी “तुमच्या आईचे ऑपरेशन” असा मेसेज फिरवला नाही. खासगी कॉलेजात कोट्यवधी मोजून घेतलेल्या जागेवर कुणी विनोद करत नाही. पैशाचा कोटा मेरिट ठरतो, संविधानाचा कोटा भीक ठरते.

आणि जे आत पोहोचतात त्यांचे काय? २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव कागदावर मांडला. वसतिगृहातले वेगळेपण, शिक्षकांची वागणूक, परीक्षेतली दुय्यम वागवणूक. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, खटला न्यायालयात आहे. स्टार्झल यांना अपयशानंतर तीन-चार वर्षे मिळाली. आपल्या पायलला पुढचे वर्ष मिळाले नाही.

देणारे कोण, घेणारे कोण?

आपल्याकडे १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. त्यासाठी संसदेकडे ठराव पाठवणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता. गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार भरला होता, तो थांबवायचा होता. भारतातले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत एका लहान मुलावर झाले. आता ती शस्त्रक्रिया देशात सर्रास होते, पण बहुतेक खासगी हॉस्पिटलांत, आणि खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात. नंतर आयुष्यभर औषधे.

१९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची आणि फक्त ६,९४५ स्त्रियांची, असे सरकारी आकडे सांगतात. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. बायको देते, आई देते. लिंगाचा आकडा बाहेर आला म्हणून हा अन्याय दिसला. मग जातीचा आणि उत्पन्नाचा आकडा का येऊ नये? कुणाचे अवयव कुणाच्या शरीरात जातात, हे कळायला नको?

गंमत अशी की यकृताला जात कळत नाही. रक्तगट जुळला, आकार जुळला की पुरते. जिवंत दात्याने अर्धे-अधिक दिले तरी उरलेले काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होते. निसर्गाने सामायिक ठेवलेला अवयव आहे हा. चवदार तळ्याचे पाणी जसे सगळ्यांचे, तसाच. कुलूप लावले ते माणसाने.

पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. देशाच्या विजेचे नियोजन बाबासाहेबांनी मजूर मंत्री असताना १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापून मार्गी लावले. इथली वीज घाट ओलांडून मोठ्या शहरांकडे जाते. पण इथल्या माणसाचे यकृत निकामी झाले तर त्याला मुंबईचा रस्ता धरावा लागतो आणि बहुतेक वेळा पैशाअभावी अर्ध्यातून परतावे लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू. सुपर-स्पेशालिटीत प्रतिनिधित्व हवे. सरकारी हॉस्पिटलांत यकृत प्रत्यारोपण गरिबाला परवडेल असे हवे. दाते आणि लाभार्थी यांची सामाजिक पार्श्वभूमी दरवर्षी जाहीर व्हायला हवी. आणि आपल्या वस्त्यांत, विहारांत अवयवदानावर आपल्याच डॉक्टरांनी येऊन बोलायला हवे, कॅलेंडर बोलले तसे.

नीटचा पहिला प्रयत्न फसलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला हे सांगा : स्टार्झल यांचे पहिले पाचही पेशंट गेले होते. तुझा तर एक पेपर गेला आहे. पुन्हा बस.

नाक्यावरच्या त्या गृहस्थांना मी हा लेख पाठवणार आहे. आईचे लिव्हर बदलायची वेळ कुणावर न येवो. पण आलीच, तर थिएटरमधल्या सर्जनचे आडनाव विचारत बसू नका. तो आतपर्यंत कुठकुठली दारे फोडून आला असेल, याचा विचार करा.

जय भीम!